‘तू येशील ना?’ : सहा वर्षांच्या मुलीच्या चिंतेचं एक प्रकरण

या प्रकरणातली मुलगी कुणी एक नाही. लहान मुलांच्या चिंतेसाठी समुपदेशनाला येणाऱ्या घरांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. म्हणून नाव दिलेलं नाही, नुसतं ‘मुलगी’ म्हटलं आहे.

वय सहा, इयत्ता पहिली. आई-बाबा दोघंही नोकरी करणारे, घरात आजी. समुपदेशनाला येण्याआधी पोटदुखीसाठी बालरोगतज्ज्ञांकडे बऱ्याच फेऱ्या झालेल्या. शेवटच्या फेरीत डॉक्टरांनीच विचारलं, "शाळा नसते त्या दिवशीही दुखतं का?" आईनं आठवून पाहिलं आणि ती गप्प झाली. तिथून हे कुटुंब आमच्याकडे आलं.

तक्रार

सकाळी शाळेचा गणवेश अंगावर चढला की बेंबीच्या आसपास दुखायला लागायचं. कधी मळमळ, क्वचित उलटी. शाळा बुडणार हे एकदा नक्की झालं की अर्ध्या तासात मुलगी खेळायला मोकळी. शनिवारी पोट ठणठणीत आणि रविवारी दिवे लागले की कुरकुर सुरू. बाबांचा निष्कर्ष ठरलेला होता : "नाटकं आहेत सगळी." आजीचं म्हणणं, "दोन दिवस रडू दे. उचलून नेऊन सोडा, आपोआप ताळ्यावर येईल." आई दोघांच्या मधे अडकलेली, आणि बहुतेक वेळा रजा तीच टाकायची.

यात नाटक मात्र काहीच नव्हतं. भीती वाटली की शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागतं. रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, आतड्यांची हालचाल बिघडते आणि पोटात खरोखरच पीळ पडतो. धोका टळला की तो पीळ सुटतो. शाळा बुडताच दुखणं थांबतं याचा अर्थ ते खोटं होतं असा होत नाही. ते कशानं सुरू झालं होतं, एवढंच त्यातून कळतं. सहा वर्षांच्या मुलाला "माझ्या मनात काळजीचे विचार येतात" असं सांगता येत नाही. पोट दुखतं हे मात्र सांगता येतं.

तरीही आधी डॉक्टर, मग समुपदेशक हा क्रम बरोबरच होता. वारंवार पोट दुखणाऱ्या मुलांचा विषय जुना आहे. १९५८ साली ब्रिटनमधले बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी एका सहकाऱ्यासह हजार शाळकरी मुलांची पाहणी केली, तेव्हा साधारण दहातल्या एका मुलाला असा त्रास असल्याचं दिसलं. बेंबीपासून दुखणं जितकं लांब, तितकी शारीरिक आजाराची शक्यता जास्त, हा त्यांच्या नावानं ओळखला जाणारा ठोकताळा आजही वापरात आहे. वजन घटणं, झोपेतून जागं करणारं दुखणं, शौचातून रक्त, ताप, वाढ खुंटणं यांपैकी काहीही असेल तर ‘टेन्शन आहे’ म्हणून सोडून देता येत नाही. या मुलीत यातलं काही नव्हतं. डॉक्टरांना सापडलं ते बद्धकोष्ठ. त्यावर उपचार झाले, दुखणं कमी झालं, पण गेलं नाही. आणि हे बद्धकोष्ठ कुठून आलं याचं उत्तर शाळेत मिळालं.

शाळेला काय दिसत होतं

वर्गशिक्षिकांना पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर आलं, "इथे काहीच त्रास नाही हो. फार गुणी मुलगी आहे." ते खरंही होतं. चिंतेतलं मूल वर्गात क्वचितच गोंधळ घालतं. ते शांत बसतं, सांगितलेलं ऐकतं, चुकू नये म्हणून जपून वागतं. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात असं मूल म्हणजे शिक्षकांना मिळालेला थोडा विसावा. दंगा करणाऱ्या मुलाची चिठ्ठी घरी जाते, या मुलांच्या प्रगतिपुस्तकात ‘उत्तम’ असा शेरा येतो. ‘त्रास आहे का’ या प्रश्नाला शाळेकडून ‘नाही’ असंच उत्तर येणार.

म्हणून दुसऱ्यांदा नेमकं विचारलं. डबा संपतो का? शौचालयाला जाते का? खोडरबर हरवलं तर मागते का? गैरहजेरी कोणत्या वारी पडते? शिक्षिकांनी आठवडाभर लक्ष ठेवलं आणि स्वतःच चकित झाल्या. मुलगी दिवसभरात एकदाही शौचालयाला जात नव्हती, पाणीही त्यामुळेच पीत नव्हती. डबा निम्मा परत. एक ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, कागद फाटेपर्यंत. शेवटच्या तासाला तिची नजर फळ्यापेक्षा दारावरच जास्त. आणि गैरहजेरीचे बरेच दिवस सोमवारचे किंवा सुट्टीनंतरचे पहिले.

शौचालयाला का जात नाहीस, हे खूप नंतर, चित्र काढता काढता विचारलं तेव्हा तिनं सांगितलं : "मी आत असले आणि आई आली तर?"

घरानं घेतलेलं वळण

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मुलीच्या वागण्यात नव्हता, असं माझं मत आहे. तो घरच्यांच्या वागण्यात होता.

रोज रात्री झोपताना एक संवाद व्हायचा. "उद्या तू मला घ्यायला येशील ना?" "हो, येणार." "वेळेवर?" "वेळेवर." "आणि उशीर झाला तर?" "नाही होणार." "पण झाला तर?" "तर आजी येईल." "आजीला बरं नसलं तर?" "तर बाबा." "बाबांचा फोन लागला नाही तर?" उत्तरांचे शब्दही ठरून गेले होते. थकलेल्या आईच्या तोंडून ‘वेळेवर’ऐवजी ‘हो गं’ निसटलं की मुलगी उठून बसायची आणि सगळं पहिल्यापासून सुरू. कधी कधी यात पाऊण तास जायचा. आईला वाटायचं, आपण धीर देतोय.

प्रत्येक उत्तरानं मुलीला हायसं वाटत होतं, पण मिनिटभरच. त्या मिनिटात तिचं मन शिकत होतं ते असं : मी विचारलं म्हणून बरं वाटलं, न विचारता राहिले असते तर काहीतरी भयंकर झालं असतं. मग पुढची शंका. शाळा बुडवण्याचंही तेच. टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि तेच सुटणं पुढच्या वेळची भीती वाढवतं. वागणूकशास्त्रात ही गोष्ट गेल्या शतकाच्या मध्यापासून माहीत आहे. घरोघरी मात्र ती प्रेमाच्या वेषात येते, म्हणून ओळखू येत नाही.

आई-बाबांना एक काम दिलं : मुलीला काय होतं ते राहू द्या, तिच्यासाठी तुम्ही काय काय करायचं सोडलंत आणि काय काय करायला लागलात, ते दोघांनी वेगवेगळं लिहून आणा. याद्या आल्या त्या लांबलचक. आई न्हाणीघराचं दार लावून आंघोळ करत नव्हती. बाबांनी मुक्कामाचे दौरे टाळण्यासाठी कामाचा विभाग बदलून घेतला होता. दोघं मिळून बाहेर कुठे गेलेले नव्हते. घरात ‘उशीर’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. आई शाळेच्या दारात शाळा सुटायच्या बऱ्याच आधी जाऊन उभी राहायची, मुलीला खिडकीतून दिसेल अशा ठरावीक जागी. आजीनं डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढे ढकलली होती. गंमत म्हणजे ‘नाटकं आहेत’ म्हणणाऱ्या बाबांची यादी आईच्या यादीपेक्षा फारशी छोटी नव्हती.

यातलं कुणीही एका दिवसात ठरवून केलं नव्हतं. एकेक सवलत अगदी वाजवी वाटत गेली. म्हणूनच आपल्या मुलाची भीती नेहमीची आहे की जास्तीची, असा प्रश्न पडलेल्या पालकांना मी रडण्याची मोजदाद करायला सांगत नाही. घराचं रोजचं वेळापत्रक कुणाच्या भीतीवर ठरतंय ते बघा, म्हणतो. ज्या घरात सगळ्यांनी मिळून भीतीला वाट करून दिलेली असते, तिथे मूल फारसं रडतही नाही. रडायची वेळच येऊ देत नाहीत.

नेहमीचं कुठे संपतं

भीती हा बालपणाचा भागच आहे. सात-आठ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला बघून भोकाड पसरतं. आई नजरेआड झाली की रडणं साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या काळात शिगेला पोचतं आणि तीन वर्षांपर्यंत बऱ्यापैकी ओसरतं. पुढे अंधार, कुत्री, पलंगाखालचा राक्षस. त्यानंतर चोर, आग, मरण. शाळेत पहिल्यांदा जाताना आठवडा-दोन आठवडे रडणं यातही वावगं काही नाही.

या मुलीबाबत तीन गोष्टी खटकत होत्या. वयाच्या सहाव्या वर्षी ही ताटातुटीची भीती ओसरायच्या ऐवजी वाढत होती. ती महिनोन् महिने टिकली होती. आणि तिच्यापायी खाणं, झोप, शिकणं, मैत्रिणींकडे जाणं अशी एकेक गोष्ट बंद पडत चालली होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेनुसार सेपरेशन अँक्झायटीचं, म्हणजे ताटातुटीच्या चिंतेच्या विकाराचं, निदान करायला आठपैकी किमान तीन लक्षणं, मुलांमध्ये कमीत कमी चार आठवडे टिकलेली, असावी लागतात. हिच्यात शाळेला नकार, एकटीनं झोपायला नकार, आई-बाबांना काही होईल ही सततची धास्ती, हरवल्याची स्वप्नं आणि दूर होताना पोटदुखी अशी पाच स्पष्ट दिसत होती. अडीच ते साडेसहा वर्षांच्या मुलांसाठी पालकांनी भरायची एक प्रश्नावली असते, तीही भरून घेतली. तिचा उपयोग पुढे फरक मोजायला होतो. निदान कागदावरच्या गुणांवरून होत नाही, मुलाला, घराला आणि शाळेला भेटून होतं.

दुसऱ्या शक्यताही तपासल्या. वर्गात कुणी त्रास देतं का, कुणी नको तसा स्पर्श केला आहे का, हे अशा प्रत्येक मुलाच्या बाबतीत विचारावंच लागतं, विशेषतः बदल अचानक झाला असेल तर. वाचण्या-लिहिण्यातली अडचण, ऐकू कमी येणं, घरी भरपूर बोलणाऱ्या मुलाचं शाळेत पूर्ण मुकं होणं, यांचाही विचार केला. तसं काही आढळलं नाही.

आई-बाबांना मात्र एक कारण हवं होतं. "नक्की कशामुळे झालं?" हा त्यांचा प्रश्न. दीड वर्षापूर्वी आजीला अचानक रुग्णालयात न्यावं लागलं होतं आणि त्या दिवशी मुलगी शाळेत उशिरापर्यंत थांबली होती. आई त्यावर बोट ठेवून होती. तो दिवस ठिणगी असू शकतो, पण तो एकटा पुरेसा नाही. अशा दिवसातून असंख्य मुलं जातात आणि विसरतात. ही मुलगी तान्ही असल्यापासूनच बुजरी, नव्या आवाजाला दचकणारी होती. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी, नवे आवाज देऊन पाहिलं, तेव्हा साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं. यातली बरीच बाळं पुढे बुजरी निघाली. पण त्यांतल्या सगळ्यांना चिंतेचा विकार झाला नाही. स्वभाव, एखादा प्रसंग आणि घराची प्रतिक्रिया, तिन्ही मिळून हे घडतं. त्यातली प्रतिक्रिया तेवढी आपल्या हातात असते, म्हणून काम तिथून सुरू केलं.

काय केलं

सुरुवात मुलीपासून न करता आई-बाबांपासून केली. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांबरोबर काम करण्याची एक पद्धत विकसित केली आहे. ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांच्या त्यांच्या अभ्यासात पालकांसोबतच्या या कामाचा परिणाम मुलांना थेट दिलेल्या बोधात्मक वर्तनोपचारापेक्षा (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचारापेक्षा) कमी पडला नाही. आपली मुलगी त्याहून लहान, पण मूल जितकं लहान तितकं घर जास्त महत्त्वाचं, हे तर्कालाही धरून आहे.

पालकांना दोन अर्धी वाक्यं शिकवली, ती नेहमी जोडीनं म्हणायची : "तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तुला हे जमेल याची मला खात्री आहे." बाबांना पहिलं अर्ध जड जायचं, आईला दुसरं. "घाबरण्यासारखं काय आहे त्यात!" हे बाबांचं पालुपद सुटायला वेळ लागला. आईचा आवाज ‘खात्री आहे’ म्हणताना प्रश्न विचारल्यासारखा वर जायचा, आणि मुलीला तो बरोबर ऐकू यायचा.

मग रात्रीचा संवाद. मुलीला आधीच, दुपारच्या निवांत वेळी, सांगून ठेवलं : आजपासून आई एकदाच उत्तर देईल. त्यानंतर विचारलंस तर ती म्हणेल, ‘हा काळजीचा प्रश्न आहे, याचं उत्तर तुला माहीत आहे,’ आणि शेजारी बसून राहील. पहिले काही दिवस अपेक्षेप्रमाणे भलतेच कठीण गेले. प्रश्न दुप्पट, किंचाळणं, उशी भिरकावणं. भीतीला मिळणारी सवलत काढली की ती आधी उसळतेच, हे पालकांना आधी सांगितलं नसतं तर त्यांनी तिसऱ्याच रात्री हात टेकले असते. विशेष म्हणजे सगळ्यात ठाम आजी राहिल्या. त्या मुलीजवळ बसायच्या, पाठीवर हात फिरवायच्या आणि उत्तर मात्र द्यायच्या नाहीत. "ओढत नेऊन सोडा" या त्यांच्या सल्ल्यात निम्मं तथ्य होतंच : टाळून भीती जात नाही. उरलेलं निम्मं चुकीचं, कारण एकदम खोल पाण्यात ढकललेलं मूल पोहायला शिकण्याऐवजी पाण्याचीच धास्ती घेतं.

म्हणून पायऱ्या. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या, जेमतेम तीन वर्षांच्या एका मुलाला आवडीचा खाऊ खाता खाता ससा रोज थोडा थोडा जवळ आणून त्याच्याशी खेळण्यापर्यंत आणलं होतं. आजच्या उपचारांचं मूळ तिथे आहे. आमच्या मुलीनं कागदावर शिडी काढली आणि प्रत्येक पायरीवर स्वतः चित्र काढलं. सगळ्यात खाली न्हाणीघराचं बंद दार. त्यावर : आई जिन्यानं खाली जाऊन येते, कधी येणार ते न सांगता. त्यावर : शाळा सुटताना आई ठरलेल्या जागी न थांबता दुसरीकडे उभी. त्यावर : शाळेत शौचालय. वरून दुसरी : आई मुद्दाम पाच मिनिटं उशिरा. सगळ्यात वर : मैत्रिणीकडे रात्रभर. तिथे तिनं घराचं चित्र काढलं आणि त्यावर काळा रंग फासला.

बंद दाराची पायरी प्रत्यक्षात अशी झाली : पहिल्या दिवशी मुलगी दाराला कान लावून उभी, दर थोड्या वेळानं "आई?" आणि आतून पाण्याचा आवाज मोठा करून आई गप्प. भीती किती, हे मुलगी हातानं दाखवायची : डोक्यापर्यंत, छातीपर्यंत, गुडघ्यापर्यंत. पहिल्या दिवशी डोक्याच्या वर होती. आई बाहेर आली तेव्हा छातीपर्यंत उतरलेली. ती आपोआप उतरते, कुणी काही न करता उतरते, हा अनुभव देण्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. आठवड्याच्या शेवटी मुलगी दाराबाहेर चित्र काढत बसली होती आणि आई बाहेर आलेली तिला कळलंही नाही. कौतुक करायचं ते "रडली नाहीस" म्हणून करायचं नाही, "भीती वाटत असूनही थांबलीस" म्हणून करायचं, एवढं पालकांना बजावलं होतं.

शाळा मात्र शिडी पूर्ण होईपर्यंत थांबवली नाही. घरी राहिलेला प्रत्येक दिवस परतणं अवघड करतो. ताप, उलट्या असतील तर घरी, नुसतं दुखत असेल तर शाळा. दारात वर्गशिक्षिका घ्यायला येतील, निरोप एका वाक्यात, मागे वळून बघायचं नाही आणि गुपचूप सटकायचंही नाही. नजर चुकवून पळणारी आई मुलाच्या शंकेला पुरावाच देते. वर्गात आल्यावर वह्या वाटण्याचं काम हिच्याकडे. शौचालयाला मधल्या सुट्टीआधी, गर्दी नसताना, एका मैत्रिणीबरोबर. शिक्षिकांनी हे सगळं मनापासून केलं, आणि त्याशिवाय बाकीचं टिकलं नसतं.

औषध

"गोळ्या द्याव्या लागतील का?" हा प्रश्न बाबांनी निघता निघता विचारला. चिंतेवर औषधं मुलांनाही देतात. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांच्या चाचणीत बोधात्मक वर्तनोपचारानं सुमारे ६० टक्के, सर्ट्रालिन या औषधानं ५५ टक्के आणि दोन्ही मिळून ८१ टक्के मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा झाली. औषधाविना नुसत्या बनावट गोळीनं २४ टक्के. त्या चाचणीत सहा वर्षांची मुलं नव्हती. या वयात आधी वर्तनोपचार, आणि तो नीट करूनही मूल खात-झोपत नसेल, शाळा पूर्ण सुटली असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञ औषधाचा विचार करतात. इथे गरज पडली नाही. मूल मरणाची भाषा करू लागलं, स्वतःला इजा करू लागलं, अन्न किंवा बोलणंच बंद केलं, तर मात्र पायऱ्याबियऱ्यांची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

पुढे

तीनेक महिन्यांत शाळेची गैरहजेरी जवळपास थांबली. डबा रिकामा येऊ लागला, पाणी पिऊ लागली, बद्धकोष्ठाचं औषध बंद झालं. आजींची शस्त्रक्रिया झाली. बाबा एका मुक्कामाच्या दौऱ्यावर जाऊन आले. त्या रात्री मुलगी उशिरापर्यंत जागी होती, पण जागं राहून तिनं कुणाला बोलावलं नाही. एकटीनं झोपणं अजून आठवड्यातून काही रात्रीच. खोडरबरानं कागद फाडणं अजून आहे. ते वेगळ्या धाटणीचं आहे आणि त्यावर स्वतंत्र काम करावं लागेल.

मोठ्या सुट्टीनंतर पोट पुन्हा दुखलं. आई घाबरून आली, "सगळं पाण्यात गेलं." गेलं नव्हतं. सुट्टी, आजारपण, नवा वर्ग, घर बदलणं यांनंतर भीती डोकं वर काढते, ते अपेक्षितच असतं. शिडी पुन्हा खालच्या पायरीपासून सुरू केली आणि या वेळी ती भराभर चढली. आता शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात घरातली मंडळी शाळेपर्यंत एक-दोनदा चालून येतात आणि न्हाणीघराच्या पायरीची न विसरता उजळणी करतात.

याच भेटीत आईनं, मुलगी बाहेर खेळत असताना, स्वतःबद्दल सांगितलं. तिलाही लहानपणी शाळेत पोट दुखायचं, आणि आजही फोन उचलला गेला नाही की तिच्या डोळ्यांसमोर अपघात उभा राहतो. चिंतेचे विकार घराण्यात चालतात. थोडे रक्तातून, थोडे बघून बघून. तिला मोठ्यांसाठीच्या समुपदेशकाचं नाव दिलं, आणि पहिल्या भेटीला तिच्याबरोबर बाबा गेले.